नाखव्याचा बर्फ

भाईंदर आणि मीरा रोडच्या मेडिकलवाल्यांना मी चेहऱ्यानं ओळखत नाही, टक्क्यांनी ओळखतो. स्टेशनजवळचा अठरा टक्केवाला. इंद्रलोकच्या नाक्यावरचा बारा टक्केवाला. आणि हाटकेशला आमच्या वेल्डिंगच्या गाळ्याच्या रस्त्यावरचा वीस टक्केवाला, जो बाहेर भली मोठी वीसची पाटी लावतो आणि बिल करताना म्हणतो, "भाईसाब, फ्रीज के आयटम पे नहीं मिलेगा." आम्हाला लागतो तो नेमका फ्रीजचाच आयटम. एकदा मी त्याला म्हटलं, "तो बोर्ड पे लिखो ना, सिर्फ बाम और चॉकलेट पे." तो हसला. मला हसू आलं नाही.

माझ्या मुलीला साखरेचा आजार आहे. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं, मग ते बाहेरून टोचावं लागतं, प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना, जन्मभर. तिसरीत असताना कळलं, आता ती सहावीत आहे. लोक विचारतात, "गोड फार खायची का हो?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता म्हणतो, "नाही, तुमच्यासारखी चौकशी फार करायची." बायको म्हणते, तुमच्या अशा बोलण्यानं एक दिवस सोसायटीत आपल्याला कोणी पाणी देणार नाही. गावाहून, म्हणजे रत्नागिरीहून, माझी चुलती अजून फोन करून कारल्याच्या रसाची आठवण करून देते. तिला मात्र मी काही बोलत नाही, कारण ती दर मे महिन्यात आंब्याची पेटी पाठवते आणि त्यातला एकही आंबा पोरीला मोजल्याशिवाय खाता येत नाही हे तिला अजून माहीत नाही.

आजार आला तेव्हा घरातली कामं आपोआप वाटली गेली. सुई बायकोची, वणवण माझी. मला सुई बघवत नाही. पोरीचं बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायची वेळ झाली, की मला बरोबर काहीतरी आठवतं. गॅस बंद आहे का बघायचं असतं, खाली गाडीचं हँडल लॉक केलं की नाही ते बघायचं असतं. परत येतो तोवर सगळं झालेलं असतं आणि बायको पट्टी कचऱ्यात टाकत असते. "आले का गाडीला भेटून?" ती विचारते. पोरगी हसते. ही चेष्टा आमच्या घरात रोजची आहे, पोळीभाजीसारखी.

म्हणून मग मी पायांनी भरपाई करतो. कामावरून सुटलो की सरळ घरी येत नाही. हाटकेशहून निघून दोनचार मेडिकल फिरतो, भाव विचारतो, कुणाकडे जुना स्टॉक जुन्या भावात पडलाय का बघतो. इन्सुलिनच्या पेनात घालायच्या काचेच्या छोट्या नळ्या येतात, एका डब्यात पाच. दोन जातींच्या लागतात, एक जेवणाआधीची आणि एक रात्रीची. जुन्या पद्धतीचं इन्सुलिन स्वस्त मिळतं, सरकारी दवाखान्यात तर फुकटसुद्धा, पण त्यानं पोरीची साखर रात्री इतकी उतरायची की उशी घामानं भिजायची. डॉक्टरीणबाईंनी नवं लिहून दिलं तेव्हापासून ती रात्रभर झोपते. तिच्या त्या झोपेची किंमत आम्ही दर महिन्याला भरतो. वर रक्त तपासायच्या पट्ट्या. त्या तर इन्सुलिनलाही मागं टाकतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच. महिनाअखेरीला पट्ट्या कमी उरल्या की बायको पोरीच्या चेहऱ्यावरून अंदाज घेते. डोळे जड दिसतात का, चिडचिड करते का. मला ते अजिबात पटत नाही. यावरून आमची भांडणं झाली आहेत, आणि भांडणात मी मोठमोठ्यानं बोललो तरी नव्या पट्ट्या कुठून आणणार ते मला सांगता आलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पोरीनं एक गोष्ट मागितली. ती सहसा काही मागत नाही, हीच तिची खोड आहे आणि तीच मला जास्त छळते. दवाखान्यात तिनं एका मुलाच्या दंडावर सेन्सर पाहिला होता. नाण्याएवढी पांढरी चकती असते, ती चिकटवली की साखर आपोआप मोबाईलवर दिसते, बोट टोचावं लागत नाही. एक चकती दोन आठवडे चालते. पोरगी म्हणाली, "नेहमी नको. फक्त एकदा. परीक्षेच्या वेळी. पेन धरताना बोटं दुखतात."

एवढं बोलून ती पाठांतराला बसली. मी उठलो आणि खाली गाडीला भेटून आलो.

सेन्सरची किंमत आमच्या महिन्याच्या इन्सुलिनएवढी. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागणार, आणि दुसरं सोडता येत नाही. त्या आठवड्यात मला काही सुधरत नव्हतं. कामावर एका हॉटेलचं स्टीलचं टेबल उलटं वेल्ड केलं. जेवताना उठून फ्रीज उघडायचो, नळ्या मोजायचो, बंद करायचो. बायको म्हणाली, "उघडून बघितल्यानं पिल्लं घालणार आहेत का त्या?"

आणि अशात ग्रुपवर निरोप आला. आमच्या दवाखान्यातल्या अशा मुलांच्या आईबापांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं आम्ही एकमेकांना उरलेल्या पट्ट्या देतो, कुठं स्वस्त मिळतं ते सांगतो. उत्तनच्या एका बाईनं लिहिलं होतं: मुलाचं इन्सुलिन डॉक्टरांनी बदललं आहे, आधीच्याचे चार डबे न फोडलेले आहेत, मुदत भरपूर आहे. दिरानं एकदम घेऊन ठेवले होते. मेडिकलवाला परत घेत नाही. कोणाला हवेत?

परत घेत नाही हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. फ्रीजचा माल एकदा दुकानाबाहेर गेला की परत नाही. तुम्ही तो घरी उन्हात ठेवला की फ्रीजमध्ये, दुकानदाराला काय माहीत? नियम योग्यच आहे. योग्य नियमाचाही राग येतोच.

मी तिचा निरोप पुरता वाचायच्या आधी "मला" असं लिहून मोकळा झालो. मग पुरता वाचला. आमचंच होतं, जेवणाआधीचं, तेच नाव, तीच ताकद. चार डबे! पैसे विचारले तर ती म्हणाली, पैसे नकोत, आमच्या घरात औषध विकत नाहीत. ती ख्रिस्ती कोळ्याच्या घरातली, दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी दोनतीनदा बसलेली. तिचा सासराही एकदा नातवाबरोबर आला होता. स्वतःची बोट असलेला नाखवा, काळाकभिन्न, पांढऱ्याशुभ्र मिशांचा. दवाखान्यातल्या एसीला तो म्हणाला होता, "ह्यापेक्षा माझ्या बोटीत जास्त थंडी हाय." तेवढीच ओळख.

त्याच संध्याकाळी मी पोरीला घेऊन बारा टक्केवाल्याकडे गेलो आणि सेन्सर घेतला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढं मलाही कळतं. पण तिचा चेहरा डोळ्यासमोरून जात नव्हता. दुकानदार मारवाडी, बोलायला मोकळा. पोरीच्या हातात खोकं देत म्हणाला, "बेटा, सील मत तोडना जब तक लगाना ना हो. सीलबंद रहा तो हफ्ते भर में वापस भी ले लूँगा, ये फ्रीज का माल नहीं है." मी मनात म्हटलं, वापस कशाला करतोय? पोरीनं खोकं दोन्ही हातांनी धरलं होतं, गणपती आणताना पाट धरतात तसं.

रविवारी नाखवा स्वतः डबे घेऊन येणार असं ठरलं. त्याला भाईंदरला कुणाकडे तरी यायचंच होतं. मी म्हणत होतो मी उत्तनला येतो, पण सून म्हणाली, "बाबा ऐकत न्हाईत. ते म्हनतात आपली वस्तू आपन पोचवायची." सुनेनं डबे मेडिकलच्या जाड पिशवीत, गार जेलच्या पाकिटाबरोबर व्यवस्थित बांधून दिले होते. हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळपासून मी गॅलरी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होतो. पेनात शेवटची नळी होती, ती दुसऱ्या दिवसापर्यंत पुरली असती. जेवणाआधीच्या इन्सुलिनचा फ्रीजमधला कप्पा रिकामा होता, कारण त्या महिन्याचे पैसे सेन्सरला गेले होते. ऊन चढायला लागलं. मी नाखव्याला फोन लावला.

"काका, निघालात का? ते थंड राहायला हवं हां. ऊन लागू देऊ नका."

"पोरा," तो म्हणाला, "थंडीचा मला शिकवतोस? जनम बर्फात गेला माझा." आणि फोन ठेवला.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, जाणत्या माणसाच्या हातात आहे.

तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर थर्माकोलचा मोठा खोका होता, मासळीचा, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारलेला. लिफ्टमध्ये पाणी गळलं होतं आणि मजल्यावर बंदराचा वास पसरला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या जैन बाईंनी दार उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. नाखव्यानं खोका हॉलच्या मधोमध ठेवला, कमरेचा टॉवेल सोडून घाम पुसला, पोरीकडे बघून म्हणाला, "ही काय बाय? हिच्यासाठीच आनला."

मग त्यानं झाकण काढलं. वर दोन मोठाली पापलेटं, चंदेरी, डोळे चमकणारी. "हे पैला तुमच्याकडं ठेवा. भाईंदरात असा मिलनार न्हाय." बायकोनं परात आणली. पापलेटांखाली बर्फ. चुरा केलेला बर्फ, गच्च दाबून भरलेला. नाखव्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपत चाचपत तळातून एक डबा वर काढला. पुठ्ठा लगद्यासारखा झाला होता. मग दुसरा काढला, तिसरा, चौथा.

"सुनेनं एक पिशवी दिलेली, एवढीशी," तो म्हणाला. "त्यात काय थंडावा ऱ्हातो? भायेर काढला, फेकून दिली पिशवी. काल राती फॅक्टरीतनं बर्फ आनला, मूठ मूठ मीठ मारला, आनि मधी लावला. लग्नाची सुरमई लावतो तसा. रातभर हातबी लावू दिला न्हाय कोनाला."

बर्फाला मीठ लावलं की तो जास्तच गारठतो, हे आम्हा कोकणातल्या माणसांना माहीत असतं. लहानपणी आईस्क्रीमचा पॉट फिरवला आहे मी.

बायकोनं पुठ्ठा सोलला आणि एक नळी काढून खिडकीशी धरली. औषध पाण्यासारखं नितळ असायला हवं. नळीत पांढरा खडा होता. तिनं दुसरी धरली. तिच्या काचेला उभी चीर गेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं: फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की गेलं. परत वितळलं तरी त्यात जोर नसतो, टोचू नका, फेकून द्या.

एकूणएक नळ्या गोठल्या होत्या.

माझ्या डोक्यात काय उसळलं ते सांगतो. मला तो खोका उचलून गॅलरीतून खाली टाकावासा वाटला. त्या म्हाताऱ्याला ओरडून विचारावंसं वाटलं, सुनेनं नीट बांधून दिलेली पिशवी सोडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी तोंड उघडलंही. पण तो सोफ्याच्या कडेला बसला होता, पायजम्याच्या ओल्या पायांनी सोफा भिजू नये म्हणून अर्धा अधांतरी, आणि परीक्षेला पहिला आलेला मुलगा बघतो तसा आमच्याकडे बघत होता.

"चहा टाकते," बायको म्हणाली आणि माझ्या शर्टाची बाही धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"एक शब्द बोलायचा नाही," ती कुजबुजली. "म्हातारा माणूस, एवढा खोका खांद्यावर घेऊन आलाय. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

"आणि उद्याचं काय?"

"उद्याचं उद्या बघू. पाहुण्याला दुखवायचं नाही."

"अगं पण मूर्खपणा आहे हा!"

"हळू बोला."

मी त्या छोट्याशा जागेत फेऱ्या मारायला लागलो. ओट्यापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून ओट्यापर्यंत. फ्रीज उघडला, रिकामा कप्पा बघितला, बंद केला. बाहेर नाखवा पोरीला सांगत होता की बर्फात नीट लावलेला मासा किती दिवस ताजा राहतो, कालवांना कसं ओल्या गोणपाटात ठेवायचं, आणि तिनं विचारलेलं मला ऐकू आलं, "आजोबा, तुमच्या नातवालासुद्धा चार वेळा टोचतात का?" तो म्हणाला, "हो ना बाय. माझा तर जीव जातो. टोचतात तवा मी खाली होडीवर जातो."

हे ऐकून माझे पाय जरा थांबले.

त्यानं चहा घेतला, साखर न घालता. "घरात पोरगा खात न्हाय तर मी कसा खाऊ?" म्हणाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, ती वळून पापलेटं धुवायला गेली. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. रिकामा खोका त्यानं बगलेत मारला. मी "काका, फार उपकार झाले" असं काहीबाही बोललो. खोटं बोलताना माझी जीभ जड होते, आणि तेवढं बोलल्यावर मला वाटलं, सुटलो.

लिफ्ट आली. आत शिरताना तो म्हणाला, "आता समजला मला. आमच्याकडं लाईट जाते ना सारखी, फ्रीजचा काय भरवसा? आज घरी गेलो की पोराचा पन असाच लावतो. सूनबाय ओरडंल, पन तिला काय कलतंय बर्फातला?"

दार बंद झालं. लिफ्ट खाली गेली.

मी तिथंच उभा. आकडे उतरत होते. मागून बायको आली, दोन्ही हात माशाच्या पाण्यानं भरलेले, तिनं ते ऐकलं होतं. "अहो, उभे काय राहिलात?" ती ओरडली. "जा ना!"

मी जिन्यानं धावलो. पायात चप्पल नव्हती. खाली पोचलो तोवर तो गेटाबाहेर पडून रिक्षाच्या रांगेत उभा होता, खोका डोक्यावर उन्हाला आडवा धरून.

"काका, थांबा."

"काय रं? काय राहिला?"

मला नीट सांगायचं होतं, हळूहळू, त्याला लागणार नाही असं. पण धाप लागली होती. "काका, ते सगळं फुकट गेलं," मी म्हटलं. "गोठलं ते. गोठलं की मरतं ते औषध. तुमच्या नातवाचं बर्फात लावू नका. काही झालं तरी लावू नका."

त्यानं खोका खाली घेतला. मला वाटलं आता चिडेल, नाहीतर रडेल. त्यानं पहिलं विचारलं ते हे: "पोरीला टोचला न्हाय ना त्यातला?"

"नाही, नाही. आम्ही बघितलं आधी."

"सगला गेला?"

"सगळं."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. "चाचा, बैठना है क्या?" नाखव्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागचा माणूस पुढं होऊन त्या रिक्षात बसला. नाखवा थर्माकोलच्या खोक्यावर बसला. खोका कुरकुरला.

"मासा मेल्यावर लावतो आपन बर्फात," तो म्हणाला. "जित्ता मासा कोन बर्फात घालील? त्याला पानी लागतं. ह्ये औषध जित्ता हाय, ह्ये मला कोनी सांगलाच न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावायला अर्धा तास घेतला होता.

मग त्यानं बंडीच्या खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून सुनेला लावला, आणि भर रस्त्यात, समुद्रावर हाक मारतात तशा आवाजात सांगितलं: "ऐक. लाईट गेली तरी पोराचा औषध बर्फात घालू नको. मी सांगला तरी घालू नको. हो, मीच. चुकला माझा. घरी येऊन बोलतो." रांगेतली माणसं वळून बघत होती. त्यानं फोन बंद केला आणि मला म्हणाला, "आता तुझ्या पोरीचा काय?"

"बघतो," मी म्हटलं. "होईल काहीतरी."

"काहीतरी म्हंजे काय?"

तो खोक्यावरून उठला. त्यानं खिशात हात घातला, मी तो हात वरच्या वर धरला आणि म्हटलं, "काका, शपथ आहे." मग पुढची रिक्षा आली. त्याला आत बसवलं, खोका मांडीवर दिला. जाताना तो एवढंच म्हणाला, "तू पलत आलास ते बरा केला."

वर जाताना मी लिफ्ट घेतली नाही. जिना चढता चढता हिशेब करत होतो, म्हणजे हिशेब करत असल्यासारखं करत होतो, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं. मालकाकडे उचल मागायची तर मागची फिटली नव्हती. सेन्सर पोरीकडून परत मागायचा तर कुठल्या तोंडानं मागणार? पहिल्या मजल्यावर ठरवलं, मागायचा. दुसऱ्यावर ठरवलं, नाही मागायचा, घड्याळ विकू. तिसऱ्यावर आठवलं, घड्याळ बंद पडलं आहे.

दार उघडंच होतं. पोरगी सोफ्यावर बसली होती. सेन्सरचं खोकं तिच्या मांडीवर होतं आणि त्यावर बारा टक्केवाल्याचं बिल, चार घड्या घातलेलं.

"पप्पा, हे परत घेतात," ती म्हणाली. "हे फ्रीजचं नाहीये. आणि आठवडा झाला नाही अजून."

मी खोकं हातात घेतलं. सील जसंच्या तसं होतं. खरं तर ते चिकटवायला तिला कुणी अडवलं नव्हतं. घेतल्या रात्रीच मी दोनदा म्हटलं होतं, लाव, लाव, आणि तिनं उद्या लावते, परवा लावते असं केलं होतं. मी समजलो होतो की ती परीक्षेसाठी जपून ठेवते आहे.

"तू लावलं का नाहीस गं?"

"म्हटलं, आधी औषध घरात येऊ दे."

खाली जाऊन येतो म्हणायला तोंड उघडलं, पण मी आत्ताच खालून आलो होतो. गॅसकडे बघितलं, गॅस बंद होता. स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली, "जेवणाआधीची तपासणी राहिलीय हां तिची! माझे हात माशाचे आहेत!"

पोरीनं टेबलावरचं यंत्र माझ्यापुढं सरकवलं, पट्टी लावली, आणि हात पुढं केला. मी तिच्यासमोर बसलो. सुई उचलली.

"कुठलं बोट?" मी विचारलं.

"डाव्या हाताची सगळी दुखतात," ती म्हणाली. "उजव्या हाताचं घ्या. आणि पप्पा, मधे नाही टोचायचं, कडेला. कडेला कमी दुखतं."